पट्टा शाबूत, हुक गेला

आज शूट आटपून जिना उतरताना मित्राच्या कॅमेरा बॅगेचा हुक कडकन तुटला, नशीब बॅग त्याच्या गुडघ्याला अडली म्हणून लेन्स वाचली. पट्टा एकदम धडधाकट, जाड नायलॉन, एक धागा निघालेला नाही. लोक बॅग घेताना पट्टाच ओढून बघतात आणि सगळा भार ज्याच्यावर येतो त्या टोकाच्या फिरत्या हुककडे कोणी ढुंकून बघत नाही. हे हुक बरेचदा झिंक अलॉय (जस्ताचा मिश्रधातू) ओतून केलेले असतात, वर प्लेटिंग चढवलं की स्टीलच वाटतात, पण स्टील बहुतेक वेळा आधी वाकून तरी सांगतं, हे न सांगता सरळ तुटतात. तुटलेल्या जागी बघितलं तर आत राखाडी, दाणेदार. आणि बॅग असेल तीनचार किलोची, पण खांद्यावर टाकून पळालो की प्रत्येक हिसक्याला हुकवर वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण बसतो ना.

बॅगेवरची ज्यात हुक अडकतो त्या डी रिंगचा (D आकाराची कडी) जोड पण बघा, वेल्ड केलाय की नुसता वाकवून जवळ आणलाय, फट असली तर ती हळूहळू उघडते. पट्ट्याच्या टोकाची शिलाई चौकोन आणि मधे फुली अशी हवी. प्लास्टिक बक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला चांगलं अ‍ॅसिटलचं (एक कणखर प्लास्टिक) बक्कल या चमकत्या हुकपेक्षा कधीही चालेल (गंजत तरी नाही).

मित्र आता तसलाच नवा हुक शोधतोय, मी म्हटलं हुक पाहिजेच कशाला, पट्टा थेट रिंगमधून ओवून घे की!