चाळीस मिलिमीटर

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज नळ्या कापल्या. दोन दिवस नुसतं मोजत होतो, खुणा करत होतो, पुसत होतो. जळगावच्या एमआयडीसीत ऊन तापायच्या आत, सकाळी सातलाच हॅक्सॉ हातात घेतली.

भाचा पुण्याला जुन्या गाड्यांच्या गॅरेजात आहे. तिथे एका हौशी माणसाची डॅटसन २४०झेड उघडून ठेवली आहे. १९६९ साली जपानात निघालेली स्पोर्ट्स कार, सहा सिलिंडर, २३९३ सीसी. गाडी मी अजून पाहिलेली नाही. माझ्याकडे ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आले ते तिचे मागचे दोन स्ट्रट, म्हणजे आत शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बाहेर स्प्रिंग असलेल्या चाकाच्या उभ्या नळ्या, गोणपाटात गुंडाळलेले. खालच्या स्पिंडल पिना गंजून अशा अडकल्या होत्या की त्या काढण्यातच भाच्याचे चार दिवस गेले. त्याचा फोन आला तेव्हा रावेरच्या एका केळीवाल्याच्या पंपाचा शाफ्ट लेथवर होता. म्हणाला, "मामा, हाई काम तुमनाच हातनं शे." मग नाही कसं म्हणायचं?

मालकाला गाडी मागून खाली हवी आहे. आधी कुणीतरी नुसती स्प्रिंग कापून काम उरकलं होतं. याचा मला फार राग येतो. स्प्रिंग आखूड झाली की गाडी उभी असतानाच शॉकचा रॉड नळीत खोल जाऊन बसतो. खड्डा आला की त्याला आणखी आत जायला जागाच नसते, दणका थेट बॉडीला. म्हणून गाडी खाली घ्यायची तर नळीही आखूड करायची आणि आत आखूड कार्ट्रिज, म्हणजे नळीत बसणारा तयार बंद शॉक, घालायचं. तेव्हा कुठे रॉड मधल्या जागी येतो. भाच्याने पाठवलेलं नवं कार्ट्रिज जुन्यापेक्षा ४० मिलिमीटर आखूड आहे. कापायचं तेवढंच.

मागच्या चाकाला स्ट्रट देण्याच्या या पद्धतीला लोटसच्या कॉलिन चॅपमन यांचं नाव आहे. इथे नळी नुसता शॉक सांभाळत नाही, चाक उभं धरते. जोड जरा कलला तर चाकही कलतं. रात्री झोप लागत नव्हती ती यामुळेच.

नळी हबच्या कास्टिंगलाच जोडलेली, सगळं वजन एका बाजूला. ते धूड चकात धरून फिरवणं धोक्याचं. म्हणून कापणी हातानेच केली. वरचा तुकडा मात्र लेथवर घेऊन तोंड काटकोनात केलं. खालचं तोंड कानशीने, दर चार घासांनंतर गुण्या लावून. कापण्याआधी नळीवर उभी रेघ ओढली होती, नाहीतर जोडताना वरचा भाग फिरला असता आणि स्प्रिंगच्या टोकाचा टेकू भलतीकडे गेला असता.

तेलाचा अंश राहिला तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात, म्हणून नळ्या आतून धुऊन रात्रभर सुकवल्या होत्या. दुपारी आर्गॉन वेल्डिंगवाला आला. व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे गोल नळी सरळ धरणाऱ्या खाचेच्या ठोकळ्यात, बांधून समोरासमोर चार टाके मारले, थंड होऊ दिलं, मग थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने. त्याला घाई होती, मी करू दिली नाही. वरून स्लीव्हही चढवली.

आणि तरी डाव्या नळीत कार्ट्रिज जोडापाशी अडकलं. पोटात गोळा आला. बॅटरी लावून पाहिलं तर आत वेल्डचा एक थेंब उतरलेला. गोल कानशीने तो घासायला पाऊण तास लागला. मग कार्ट्रिज आपल्या वजनाने अलगद खाली उतरलं.

शेवटी वरचा नट. तो कार्ट्रिजच्या डोक्यावर आवळला गेला पाहिजे, नळीच्या काठावर टेकला तर आत कार्ट्रिज खडखडत राहणार. आवळला. काठाशी एक मिलिमीटरची फट उरली आणि जीव भांड्यात पडला.

उद्या प्रायमर मारून पार्सल. कापलेल्या दोन रिंगा घरी घेऊन आलो. जेवण झाल्यावर पुन्हा व्हर्नियर लावला. दोन्ही सारख्या.