गाड्या राजांच्या राहिल्या, बस कुणाच्या?

इंदुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की होळकरांना वगळून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या यशवंतरावांनी 1930 च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. बुगाटी होती ती वेगळीच. ते राहत त्या माणिकबागेत आता केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे आणि गाड्या केव्हाच परदेशी संग्राहकांकडे गेल्या. तरी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या रांगेत माझ्या मागे उभे असलेले दोन आजोबा त्या गाड्यांबद्दल असे बोलत होते, जणू कालच राजवाड्यासमोरून गेल्या असाव्यात.

मी मात्र बस बघायला आले होते. धुळ्याहून रात्रीची एसटी पकडली, सेंधवा, खलघाट, मानपूर असं डुलक्या घेत सकाळी रामबागेत मामांकडे पोचले. जीरावण मसाला भुरभुरलेले पोहे आणि जिलेबी होईपर्यंत मामा शर्ट-पँट घालून तयार. मामा रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये होते. मध्य प्रदेशचं परिवहन महामंडळ 1962 मध्ये निघालं आणि 2005 मध्ये सरकारने ते बंद करायचं ठरवलं. त्या विषयावर मामांकडे बोलण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नाही.

बायपासजवळच्या मैदानात मोटारींची रांग लांबलचक होती. फियाट, अँबॅसॅडर, मॉरिस मायनर, काही लँब्रेटा. छान होत्या, पण आम्ही थांबलो नाही. बस शेवटी, कडुनिंबाच्या सावलीत. दोनच.

पहिली बेडफर्ड. तिच्या फुगीर नाकासमोर मी जरा रेंगाळले, कारण आपल्या एसटीची सुरुवात बेडफर्डनेच झाली: 1 जून 1948, पुणे ते अहमदनगर. आत लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा, पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळी. तेव्हा कंपनी फक्त चासी द्यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि पुढचं नाक. बाकीची बस गावोगावचे सुतार आणि पत्रेवाले उभी करायचे. म्हणून एकाच कंपनीच्या दोन बस सारख्या दिसायच्या नाहीत. खिडक्यांची उंची, टपावरची शिडी, मागचा दरवाजा, सगळं कारागिराच्या मनावर.

मालक देवासचे मराठी गृहस्थ. त्यांनी पुढून हँडल घातलं आणि एका तरुणाला फिरवायला बोलावलं. त्याने मूठ आवळली तसे मामा ओरडले, "अरे भिया, अंगठा काढ! अंगठा बोटांच्या बाजूनेच ठेव." पेट्रोल इंजिन उलटा झटका देतं, तेव्हा हँडलभोवती अंगठा अडकलेला असेल तर मोडतो. पोरगं दचकलं, पण इंजिन तिसऱ्या फेऱ्याला लागलं. मग मामांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवण्यात आलं (कुणी बसवलं नाही, ते स्वतःच चढले) आणि मला डबल क्लचचा धडा मिळाला. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला, क्लच सोडायचा, खालच्या गिअरला जायचं तर अॅक्सिलरेटर जरा मारायचा, पुन्हा क्लच आणि मग गिअर. गिअरबॉक्समधली चाकं एका वेगाला आल्याशिवाय दात बसत नाहीत, खर्रकन ओरडतात. घाटात हे दर वळणाला करायचं. मामांचे पाय अजून न बघता चालतात.

दुसरी फार्गो. मुंबईच्या प्रीमियरच्या कारखान्यात एकच गाडी डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी विकली जायची, हे मला तिथेच कळलं. हिच्यावर मेहनत फार घेतली होती, आणि मला ती तितकीशी आवडली नाही. सीटवर चकचकीत रेक्झिन, छताला एलईडी, रंग आरशासारखा. बाहेरगावच्या बसमध्ये असते ती सगळी झीज घासून टाकलेली. बेडफर्डमध्ये कंडक्टरच्या घंटीची दोरी जुनी ठेवली होती, दारातल्या दांडीचा रंग हात लागून लागून गेलेला होता, आणि एका सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्याने नाव कोरलं होतं. मालकांनी ते बुजवलं नाही. माझ्या मते तिथेच ते जिंकले. मोटार एका घराण्याची असते, तिला नवीकोरी करून ठेवली तर बिघडत नाही. बसवरचे ओरखडे हजारो लोकांचे, ते पुसण्याचा हक्क कुणाचा?

आणि बस उरतच नाहीत. महालाच्या गॅरेजमध्ये मोटार पन्नास वर्षं झाकून राहू शकते, पण बस चालेपर्यंत चालते आणि मग लिलावात भंगारवाल्याकडे जाते. कायदाही मोटारीच्या बाजूचा. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना "व्हीए" अक्षरांचा वेगळा नंबर मिळू लागला. पण तो खासगी, बिगरव्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींना. बस तर जन्मभर तिकिटावरच चाललेली! मालकांनी बेडफर्ड ट्रेलरवर घालून आणली होती. "रस्त्यावर आणली तर पोलिसांना काय दाखवू?" ते म्हणाले.

मैदानात एक फेरी मारायला मात्र हरकत नव्हती. एक घंटी थांब, दोन घंटी चल. दोरी माझ्या हातात होती, आणि पहिल्या दोन टोल्यांना सगळी बस हसली.

उतरल्यावर मालकांनी मामांना बाजूला घेतलं. देवासजवळ एका शेडमध्ये दुसरी एक जुनी चासी पडली आहे, मागच्या स्प्रिंगचे पाटे गेलेले, गिअरबॉक्स आहे पण कशाचा ते कुणाला सांगता येत नाही. मामांनी नंबर घेतला, चष्मा लावून दोनदा तपासला. मामींचं म्हणणं, या वयात असल्या उठाठेवी नकोत. मामा मंगळवारी देवासला जाणार आहेत.