काउंटरवरची पिशवी आणि मागचा तवा

२३ जून २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा ठाण्यातील पाचपाखाडीच्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात रश्शासाठीच्या पातळ पिशव्यांचे तीन गठ्ठे शिल्लक होते. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड असल्यामुळे ते आम्ही तातडीने बाद केले, त्यांच्या जागी कागदी डबे आणले आणि पर्यावरणासाठी आपल्याकडून जे व्हायचे ते झाले, अशी स्वतःची समजूत करून घेतली. ती समजूत पुढे चार वर्षे टिकली, याची आज थोडी लाज वाटते.

पुरवठादाराने ते डबे ‘संपूर्ण नैसर्गिक’ म्हणून विकले होते. एकदा त्यातला एक डबा रात्रभर बादलीत पडून राहिला. सकाळी हातात घेतला, तर कागदाचा लगदा सुटून आला आणि आत डब्याच्याच आकाराचा पातळ, पारदर्शक पापुद्रा शाबूत उरला. रस्सा झिरपू नये म्हणून अशा कागदाला पॉलिथिनचा थर दिलेला असतो, त्यामुळे तो डबा रद्दीवालाही घेत नाही आणि ओल्या कचऱ्यात कुजतही नाही. उसाच्या चिपाडाचे डबे त्या मानाने बरे, परंतु गरम, तेलकट आमटीने त्यांचा तळ लवकर ओलावतो.

शेवटी आम्ही स्टीलच्या डब्यांकडे वळलो. शंभर रुपये अनामत, रिकामा डबा परत आणला की भरलेला घेऊन जायचा, अशी साधी पद्धत ठेवली. पहिल्या महिन्यात डबे आणि झाकणे यांची अशी ताटातूट झाली की प्रत्येकावर क्रमांक कोरून घ्यावे लागले. रोज येणाऱ्या एका काकूंनी मात्र साफ सांगितले, “अगं, कुणाकुणाच्या घरी जाऊन आलेला डबा मला नको.” त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. त्या आता स्वतःचाच डबा आणतात आणि त्यांचे पाहून आणखी काही जण आणू लागले आहेत.

एवढे झाल्यावर लक्षात आले की ग्राहकाला दिसते ती पिशवी, पण आमच्या धंद्याचा खरा भार मागच्या खोलीत आहे. एलपीजीच्या एका किलोमागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर संपला की साधारण ५७ किलो. आम्हाला महिन्याला नऊ सिलिंडर लागत होते. मी पोळ्या करणाऱ्या मावशींना ज्योत बारीक ठेवायला सांगितले, तर त्या म्हणाल्या, “ताई, तवा गार झाला की पोळी वातड होते. त्यापेक्षा तिसरा तवा सहापर्यंत पेटवूच नका.” आम्ही तीन तवे चारपासून तापवत ठेवत होतो आणि त्यातला एक बराच वेळ नुसताच तापत असे, हे दहा वर्षांत मला दिसले नव्हते. तिसरा तवा उशिरा पेटू लागला, डाळी आणि कडधान्ये भिजवूनच कुकरला लागू लागली, पिवळी ज्योत देणारे बर्नर साफ करून घेतले. आता सात सिलिंडर पुरतात.

तळणीच्या तेलाबाबत फार सांगण्यासारखे नाही, कारण आमच्याकडे तळण थोडे असते. उरलेले तेल मोरीत न ओतता साठवून, जैवइंधनासाठी नेणाऱ्या अधिकृत संकलकाला देतो. ट्यूबलाइट बदलून एलईडी दिवे लावले, तेही तसेच किरकोळ काम.

सर्वांत अवघड ठरले ते उरलेले अन्न. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून सडला की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून रात्री दुकान बंद करण्यापूर्वी उरलेली भाजी काट्यावर ठेवून वजन वहीत लिहू लागले. दोन महिन्यांतच त्या वहीतून कळले की संकष्टीला आम्ही उगाच नेहमीइतके रांधतो आणि दुधीची भाजी सोमवारी कधीच संपत नाही. वांगी मात्र कोणत्याही वारी उरत नाहीत.

पावसाचे गणित अजून जमलेले नाही. मुंबईत संध्याकाळी लोकल रखडल्या की आमची निम्मी गिऱ्हाइके नऊनंतर घरी पोहोचतात आणि वाटेत मिळेल ते खाऊन येतात. अशा दिवशी आता अर्धीच कणीक भिजवतो आणि उरलेले पीठ परातीत कोरडे ठेवून, साडेसहाच्या सुमारास स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षांकडे पाहत बसतो.