फुगलेला खळगा

मुंबईतल्या एका गॅलरीत माझं काम लागत होतं. पाच फूट व्यासाचा फायबरग्लासचा अर्धगोल, भिंतीत आत बसवलेला, आतून कोरड्या अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळ्या रंगपुडीचा. बघणाऱ्याला वाटतं, सगळी कमाल खोलीची. खरी मेहनत काठाची असते. काठ जरा जरी चमकला तरी डोळ्याला खोली सापडते. त्यामुळे रेझिन सुकल्यावर मी नुसता पॉलिश पेपर घासत बसले होते.

मॅनेजरांना समोर दोरी हवी होती. त्यांनी मोबाइलवर २०१८ची बातमी दाखवली: पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या सेराल्वेस संग्रहालयात शिल्पकार अनिश कपूर यांच्या ‘डिसेंट इंटू लिम्बो’मधल्या काळ्या खड्ड्यात एक प्रेक्षक पडला होता. खड्डा सुमारे अडीच मीटर खोल.

“सर, माझा खळगा भिंतीत आहे. माणूस पडणार कुठे?”

“पडणार नाही, पण हात तर घालेल ना?”

मला दोरी नकोच होती. दोरी दिसली की माणूस आधीच सावध होतो, मग डोळे फसत नाहीत.

वाद तिथेच सोडून आम्ही दिव्यांकडे वळलो. वरून स्पॉट टाकला की काठाची सावली आत पडायची आणि वाडगा सरळ वाडगा दिसायचा. लाइटवाल्या काकांनी शिडी सरकवायला म्हणून तोच दिवा काढून जमिनीवर ठेवला, चालूच.

“ताई, हा तर फुगला की!”

खरंच फुगला होता. निळा घुमट भिंतीतून आमच्याकडे आलेला. प्रकाश वरूनच येतो हे आपला मेंदू गृहीत धरतो. वरचा भाग उजळ आणि खालचा काळोखा दिसला की त्याला तो उंचवटा वाटतो. त्यात पुडीला ना चमक, ना पोत, म्हणजे दोन्ही डोळ्यांना पकडायला काहीच नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी डोळे ऐकेनात. काका शिडीवर चढून पाहत राहिले, तिथूनही घुमटच.

मॅनेजर पुढे झाले आणि घुमटावर तळवा टेकवायला गेले. हात कोपरापर्यंत आत. ते दचकले, सावरायला दुसरा हात काठावर, आणि दहाही बोटं निळी.

ते काही बोलायच्या आत मीच दोरी मागवली. तीन फुटांवर, गुडघ्याइतकी खाली. काका दिवा उचलायला वाकले, त्यांना म्हटलं, तो तिथेच राहू द्या, फक्त वायर टेपने चिकटवा. मग पुडी आणि ब्रश घेऊन मी बोटांचे ठसे बुजवायला बसले.