पोर्ट लुई : किनारा सोडून मॉरिशस

मॉरिशसला जाणारी आपली मंडळी बहुधा किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात मुक्काम ठोकतात आणि राजधानीत खरेदीपुरती डोकावतात. आम्ही पोर्ट लुईला चांगला वेळ दिला, आणि माझ्या मते या बेटावर बघण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

जाण्याआधी एवढं डोक्यात ठेवा: डच १५९८ मध्ये आले नि १७१० मध्ये निघून गेले, १७१५ पासून फ्रेंच, १८१० पासून इंग्रज, १९६८ मध्ये स्वातंत्र्य. मग कुठली वास्तू कुणाची, याचा गोंधळ होत नाही.

सुरुवात गुलामगिरीच्या संग्रहालयापासून करा. फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने यांच्या काळातल्या लष्करी इस्पितळात ते थाटलंय. हिंदुस्थानी मजूर जिथे उतरत, तो आप्रवासी घाट तिथून चालत काही मिनिटांवर आहे. हा क्रम मात्र उलटा करू नका. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस तोडायला माणसं हवीच होती. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणणं सुरू झालं. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसं या बंदरात उतरली. बहुसंख्य बिहार आणि आसपासच्या मुलखातली, पण मुंबई बंदरातून आलेली कोकणातली कुटुंबंही त्यात होती. आज तिथे मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

घाटावर भव्य काही नाही. धक्क्याच्या दगडी पायऱ्या, इस्पितळाचे नि स्वयंपाकघराचे अवशेष, मजुरांना ठेवायच्या शेडचा पाया; बाकीच्या भागावरून महामार्ग गेला. म्हणून आधी शेजारचं माहिती केंद्र बघा, नाहीतर वीस मिनिटांत ‘एवढंच?’ म्हणून बाहेर पडाल. २००६ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं. प्रवेश मोफत, रविवारी बंद. मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. घराण्यातलं कुणी तिकडे गेल्याचं ऐकिवात असेल तर आधी पत्रव्यवहार करून जा.

उरलेल्या दिवसात टेकडीवरचा फोर्ट ॲडलेड. गुलाममुक्तीवरून फ्रेंच मळेवाले बंड करतील या धास्तीने इंग्रजांनी तो बांधायला घेतला, आणि बंड काही झालं नाही! आत फारसं काही नाही, पण वरून बंदर आणि १८१२ चं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान एका नजरेत येतं. चढण दुपारी टाळा. खाली बाजारात ढोलपुरी खा. आपल्या पुरणपोळीची ही तिखट चुलतबहीण.

ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, तेव्हा तिकीट काढतानाच ती वेळ विचारून घ्या. डोडोचा सांगाडा नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात. मुलं बरोबर असतील तर जा, नसतील तर घाई नाही.

आता शहराबाहेर. ल मॉर्नचा डोंगर बेटाच्या नैऋत्य टोकाला. पळालेले गुलाम इथे कड्याकपारीत लपत. वरचा टप्पा उभा खडक आहे, सावली नाही. पहाटे निघा, बूट चांगले हवेत. गुडघे कुरकुरत असतील तर पायथ्याचं स्मारकही पुरे.

माहेबूर्ग हे गाव शेवटच्या दिवसासाठी राखा, कारण विमानतळ तिथून जवळ आहे. १८१० च्या ग्राँ पोर्टच्या आरमारी लढाईनंतर जखमी इंग्रज आणि फ्रेंच सेनानींवर ज्या घरात एकाच छपराखाली उपचार झाले, तेच आज संग्रहालय आहे. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या, आणि सामान टॅक्सीतच राहू द्या.