रविवार ते रविवार: आमच्या मंडळीच्या ग्रुपची घडी कशी बसली

चर्चच्या मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांना तो कसा असतो हे सांगायला नको. पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन. पावणेसहाला तेच वचन, फक्त मागे सूर्योदय. मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, त्याच्यावर केकांची रांग, आणि त्या केकांच्या खाली कुठंतरी ‘आईला अ‍ॅडमिट केलंय, प्रार्थना करा’ हा मेसेज गडप झालेला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती मुलगी भेटते, म्हणते, “कुणी साधा फोनसुद्धा केला नाही.” आणि आपण तर रोज पन्नास मेसेज वाचत असतो.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण तोंडात नगरच येतं.) चर्च मिशनच्या काळातलं, दगडी. मी शाळेत शिकवते, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, आणि ‘बाई, तुम्हाला मोबाइलचं कळतं’ एवढ्या एका वाक्यावर हे काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात बऱ्याच मंडळ्यांची झाली तशीच आमची: 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. झावळ्यांचा रविवार 5 एप्रिलला होता, पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, 12 ला, आणि चर्चला कुलूप. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट दाखवायला तेव्हा हजार सबस्क्रायबर लागायचे, ते आमच्याकडे कुठून असणार; म्हणून फेसबुक. पाळकसाहेबांनी (आमच्या पास्टरांनी) घरातल्या टेबलावर ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या प्रतींची चळत रचून तिला फोन टेकवला आणि उपासना घेतली. मग झूम आलं. झूमवर एकत्र गाता येत नाही हे आम्हाला पहिल्याच गाण्याला कळलं. प्रत्येकाचा आवाज जरा उशिरानं पोचतो, त्यामुळे पेटी एका ओळीवर, मावशी दुसऱ्या ओळीवर आणि पुण्याचे जावईबापू थेट धृपदावर. शेवटी सगळ्यांना म्यूट करून एकानंच गायचं असं ठरलं. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांत आपोआप बंद व्हायची. संदेश, म्हणजे साहेबांचं प्रवचन, वेळेत संपण्याची ती एकमेव हमी होती, ती गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

नोव्हेंबरात, पाडव्याच्या दिवशी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली, पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये घटस्थापनेला उघडली ती कायमची. चर्च भरायला लागलं. पण ग्रुप राहिला, आणि त्याचं करायचं काय हा प्रश्नही राहिला.

कमिटीत यावर रीतसर वाद झाला. आमच्यातले एक ज्येष्ठ वडील (मंडळीचे एल्डर), निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय काढला: आपलं एकत्र मिळणं सोडू नका. घरात गादीवर बसून उपासना बघणं म्हणजे सोडणंच, असं त्यांचं म्हणणं. तरुण संघाच्या एका मुलानं उत्तर दिलं, “गुरुजी, पौलानं तर अर्ध्या मंडळ्या पत्रांवर चालवल्या.” गुरुजी शांतपणे म्हणाले, “पत्रं लिहिली. गुड मॉर्निंगचे गुलाब नाही पाठवले.” सगळे हसले. पण त्यांचा खरा मुद्दा पुढं आला. त्यांच्याकडे ज्ञानोदय येतो. 1842 साली नगरलाच सुरू झालेलं मिशनचं पत्र ते. एकेकाळी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याची मराठी बाजू सांभाळली. गुरुजींचं म्हणणं असं की मंडळीची बातमी छापून येते तेव्हा ती कुणाच्या तरी हाताखालून गेलेली असते. “तुमच्या ग्रुपला संपादक कोण?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. आणि मला तिथंच जाणवलं की सगळं अडलंय ते इथं. फोन, नेट, अ‍ॅप यांत काही बिघडलेलं नव्हतं. दार उघडं होतं आणि दारात कुणी बसलेलं नव्हतं.

तर आधी मोठ्या ग्रुपला कुलूप लावलं. मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकू शकतील, ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2018 पासूनच होती, आम्ही तिकडे बघितलं नव्हतं एवढंच. लावल्याच्या संध्याकाळी मला जे फोन आले ते आले. एका काकांनी “आमच्या वचनांचं तुम्हाला वावडं झालं का?” असंही विचारलं. त्यांना म्हटलं, काका, तुम्ही निवडलेलं वचन तुमच्या आवाजात वाचून मला पाठवा, बुधवारी मी ते टाकते. त्यांनी पाठवलं. फुलं नाहीत, चित्र नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि काकांचा खाकरा. त्या बुधवारी जेवढ्या लोकांनी ते ऐकल्याचं मला येऊन सांगितलं, तेवढ्यांनी एखादा फॉरवर्ड वाचल्याचं कधी सांगितलेलं मला आठवत नाही.

आवाजाचं हे एकदम लागू पडलं आणि त्याला कारण होतं. आमच्याकडची पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाही. म्हाताऱ्यांचं देवनागरी वाचन पक्कं, पण मोतीबिंदू. आवाज मात्र दोघांनाही चालतो. तेव्हापासून बुधवारचं वाचन आवाजातच, तीन मिनिटांच्या आत, दर आठवड्याला वेगळ्या माणसाचं. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे संडे स्कूलच्या, मुलांचं पाठांतरही तसंच. एक आजी गुडघ्यांमुळं चर्चला येऊ शकत नाहीत, त्या टिळकांची भजनं जुन्या चालीवर म्हणून पाठवतात. आमचा पेटीवाला मुलगा त्यावरून चाली बसवून घेतो, नाहीतर त्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

वेळेचंही बघावं लागलं. गावाकडच्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. सकाळी दहाला टाकलेला मेसेज आईपर्यंत पोचतो तो रात्री, तोही पोरानं दाखवला तर. म्हणून आमचं सगळं साडेआठनंतर. जेवणं झालेली असतात, फोन घरात असतो.

मग वस्तीवार गट. घरसभा, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा, आमच्याकडे पूर्वीपासून वस्तीवार व्हायच्याच: स्टेशनकडची एक, मिशन कंपाउंडची एक, मळ्यांतली एक. त्याच वाटणीवर छोटे ग्रुप केले आणि प्रत्येकावर एक वडील किंवा मंडळाची एक बाई नेमली. 2022 च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपनं कम्युनिटीची सोय आणली, त्यात हे छोटे गट आणि वरचा सूचनांचा गट एका छत्राखाली बसले. याचा एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. सूचनांच्या गटात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आधीच्या ग्रुपमधून कॉलेजच्या मुलींचे नंबर उचलून कुणीकुणी मेसेज करायचं, आणि मुली कंटाळून ग्रुपच सोडायच्या. त्या परत आल्या. ब्रॉडकास्ट लिस्ट आम्ही करून बघितली होती, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नसेल त्याला ती पोचतच नाही, आणि नेमके तेच लोक नवीन असतात.

प्रार्थनाविनंत्यांना मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला.

एका बहिणीच्या आजाराचं नाव कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, चांगल्या मनानंच. तो मेसेज फिरत फिरत तिच्या सासरच्या गावी पोचला. पुढचं लिहीत नाही. पण त्यानंतर बायका विनंती सांगेनाशा झाल्या. “बाई, तुम्हाला सांगते, पण लिहू नका.” आता रीत अशी की विनंती गटाच्या प्रमुखाला फोनवर सांगायची. तो विचारतो: नाव घालू का? काय लिहू? मग तेवढंच जातं: ‘आपल्या एका बहिणीचं गुरुवारी ऑपरेशन आहे.’ बस. प्रार्थनेच्या गटात मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातात अशी सेटिंग आहे, म्हणजे या रविवारची विनंती पुढच्या रविवारपर्यंत. कुणी स्क्रीनशॉट काढला तर ही सेटिंग काही करू शकत नाही, हेही सगळ्यांना सांगून ठेवलंय. लहान मुलांचे आणि नव्यानं येणाऱ्यांचे फोटो कुठंच टाकायचे नाहीत. चर्चला येणाऱ्या प्रत्येकानं घरी सांगितलेलं असतंच असं नाही.

मृत्यूची बातमी पूर्वी घंटेवरून कळायची. आता घंटा वाजते तोवर पुण्याहून गाड्या निघालेल्या असतात, हे ग्रुपचं खरं काम. अमुक प्रभूमध्ये निजले, दफनविधी किती वाजता, कबरस्थान कोणतं, घरी कधी यावं, जेवणाचं कोण बघतंय, एवढं एका मेसेजमध्ये. त्याखाली पूर्वी आरआयपी आणि हात जोडल्याची चित्रं शंभराच्या घरात जायची. अशाच एका घरातला मुलगा एकदा मला म्हणाला, फोन सारखा वाजत होता, मला वाटायचं डॉक्टरांचा असेल. आता तिथं लिहिण्याची सोयच नाही. ज्याला सांत्वन करायचंय त्यानं उठून जावं, लांब असेल त्यानं दुसऱ्या दिवशी फोन करावा. पहिल्या पहिल्यांदा लोकांना हे रुक्ष वाटलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. पाळकसाहेबांचा फोटो लावून एका अनोळखी नंबरवरून ‘तातडीनं दहा हजार पाठवा, मीटिंगमध्ये आहे’ असे मेसेज आमच्या चारदोन घरांत आले. एकानं पाठवण्याआधी साहेबांच्या दारातच जाऊन विचारलं म्हणून वाचला. तेव्हापासून दर महिन्याला सूचना जाते: साहेब मेसेजवर पैसे मागत नाहीत, दानार्पणाचा क्यूआर कोड फक्त चर्चच्या फलकावर, पावती खजिनदाराची.

थेट प्रक्षेपण चालू आहे, पण त्यात आता कुणी फार जीव ओतत नाही. बघणारे मोजके: अंथरुणाला खिळलेले, आखातात नर्सिंग करणाऱ्या आमच्या दोघीतिघी (तिकडे बहुतेक देशांत रविवार कामाचा असतो, त्या रात्री बघतात), आणि मुलाकडे मुंबईला गेलेले आईवडील. त्यांच्यासाठी एक फोन स्टँडवर पुरतो. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी कमिटीत मागणी आली होती, मी विरोध केला. त्या पैशांत मळ्यातल्या घरसभेला वर्षभर रिक्षा होते.

सगळ्यात उपयोगी निघालेली गोष्ट तर ग्रुपवर दिसतही नाही. रविवारी उपासना संपली की प्रत्येक गटाचा प्रमुख आपल्या वस्तीतलं कोण दिसलं नाही ते मनाशी टिपतो, आणि मंगळवारपर्यंत त्यांना फोन करतो. मेसेज नाही, फोन. ‘सलाम, काकू, रविवारी दिसला नाहीत’ एवढंच. यातून कळलं की एक जोडपं महिनाभर येत नव्हतं कारण त्यांची दुचाकी हप्ता थकल्यानं गेली होती. त्यांच्याच वस्तीतल्या एका घराच्या चारचाकीत मागची सीट रिकामी येत होती. दोन्ही घरं एकाच ग्रुपमध्ये होती, वर्षानुवर्षं, रोज एकमेकांचे गुलाब बघत.

पुण्यात राहणाऱ्या पोरांना कुठल्या वस्तीत घालायचं हे सुटलेलं नव्हतं. हिंजवडी, चिंचवड, खराडी अशी ती पांगलेली, तिथल्या चर्चलाही जातात, नाव मात्र इथल्या पटावर. त्यांचा वेगळा गट केला तर तो महिन्याभरात थंड पडला. त्यांना एकमेकांशी काही घेणंदेणंच नव्हतं. जे होतं ते गावाशी. मग ज्याचे आईवडील ज्या वस्तीत, त्या गटात त्याला घातलं. आता स्टेशनकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला पुण्याला तपासणीला न्यायचं असलं की एसटी स्टँडवर कोण उभं राहणार हे आदल्या रात्री ठरलेलं असतं.

यंदाच्या कापणीच्या सणाला याचा आणखी एक प्रकार झाला. उपासनेनंतर लोकांनी आणलेल्या मालाचा लिलाव असतो: बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या. मळ्याच्या गटातल्या एकीनं गावठी कोंबडा आणला होता. तिच्या गटातल्या खराडीच्या मुलानं आवाजी मेसेजवर बोली लावली, इकडे गुरुजींनी स्वतः उठून वर चढवली, तिकडून परत मेसेज. लिलाव पुकारणारे साहेब दर वेळी फोन कानाला लावायचे आणि सगळं चर्च गप्प बसून वाट बघायचं. कोंबडा शेवटी खराडीला गेला, म्हणजे नावावर. तो नेणार कोण हा प्रश्न आला तेव्हा मुलानं कळवलं की गुरुजींच्याच घरी द्या, नाताळला मी जेवायला येतोय.

गुरुजींनी कमिटीत आता लेखी अर्ज दिलाय. पुढच्या वर्षी फोनवरच्या बोलीला मुदत ठेवावी, दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही.