पोस्टिंग गोव्याची आली, आता एजंट कोणता धरायचा?

गोव्याची पोस्टिंग आली म्हटल्यावर आधी फोन येतात ते नातेवाईकांचे. "मे महिन्यात येतो हां आम्ही, एक रूम आमच्यासाठी धरून ठेवा." इथे घराचा पत्ता नाही, सामान ट्रकवर चढलेलं, पोराची टीसी अजून जुन्या शाळेत, आणि पाहुण्यांचं बुकिंग मात्र फुल्ल.

आता माझ्या मावसबहिणीची पाळी आलीय. तिच्या नवऱ्याची बदली बांबोळीला झाली, आर्मीच्या सिग्नलच्या ट्रेनिंग सेंटरला. आम्ही नेव्हीवाले, वास्कोत, नवरा आयएनएस हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नेव्हीच्या विमानतळावर. तिचा प्रश्न साधा होता, "ताई, क्वार्टरला वेटिंग आहे, तोवर बाहेर राहायचं, तर चांगला एजंट सांग ना." नंबर देणं सोपं होतं पण मी म्हटलं आधी कसा एजंट हवा ते ऐक, कारण आपल्यासारख्यांचं घर बघणं आणि बाकीच्यांचं घर बघणं यात फरक आहे. बाकीचे लोक घरात शिरायचा विचार करतात, आपल्याला शिरायच्या आधीच बाहेर पडायचा विचार करावा लागतो, कधी ऑर्डर येईल सांगता येत नाही. म्हणून मी एजंटला पहिल्याच फोनवर एकच विचारते, "भाऊ, मध्येच पोस्टिंग आली तर काय?"

ह्यावर जो म्हणतो "बघू हो तेव्हा, ओनर आपलाच माणूस आहे", त्याला तिथेच नमस्कार. जो म्हणतो की अग्रीमेंटमध्ये बदलीचा क्लॉज टाकू, मूव्हमेंट ऑर्डर दाखवली की लॉक-इन, म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही ही अट, सुटेल, एक महिन्याची नोटीस, डिपॉझिट चावी देताना परत, त्याने आधी फौजी भाडेकरू ठेवलेत हे लगेच कळतं. गोव्यात साधारण अकरा महिन्यांचं अग्रीमेंट करतात, कारण एक वर्षाच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन लागतं. त्यात बरेच ओनर सहा महिने लॉक-इन घालतात. त्यातून सुटका देणारा बदलीचा क्लॉज ओनरकडून लिहून घेणं हेच एजंटचं खरं काम, त्यासाठी तर आपण एका महिन्याचं भाडं त्याच्या हातावर ठेवतो. नुसती चावी लावून दरवाजा उघडायला वॉचमन पण येतो.

दुसरं म्हणजे सीझन. उत्तर गोव्यात, आणि आता इकडे बोगमाळ्याच्या बाजूला पण, फ्लॅट टुरिस्टला दिवसाच्या भावाने देण्यात ओनरला जास्त पैसे सुटतात. मग तुम्हाला जूनमध्ये पावसात घर मिळतं, मस्त स्वस्त, आणि दिवाळीच्या आसपास ओनरचा भाचा दुबईहून अचानक राहायला येणार असतो. ह्या भाच्याला आजवर कुणी बघितलेलं नाही. तेव्हा जो एजंट मुख्यतः टुरिस्टचं काम करतो तो कितीही गोड बोलला तरी नको, वर्षभराचे भाडेकरू ठेवणारा बघायचा. वास्को, चिखली, दाबोळी भागातल्या एजंटांना नेव्ही आणि कोस्ट गार्डची सवय आहे, वेरेंला आयएनएस मांडवी ह्या नेव्हीच्या तळावर आणि नेव्हल वॉर कॉलेजला येणारे असतात ते पर्वरीच्या बाजूला बघतात, आणि बहिणीसाठी मी सांताक्रूझ, गोवा वेल्हा, बांबोळी एवढ्यातच फिरणारा माणूस शोधायला सांगितला. अख्ख्या गोव्यात घरं दाखवतो म्हणणाऱ्याला एकाही गल्लीतलं पाणी किती वाजता येतं ते माहीत नसतं.

आम्हाला वास्कोत एक एजंट बाई भेटल्या होत्या, त्यांनी मला घर दाखवायच्या आधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. ट्रंका किती, लिफ्ट नसेल तर चालेल का, पोरगा केंद्रीय विद्यालयात जाणार की वरुणापुरीतल्या नेव्ही चिल्ड्रन शाळेत, साहेब बेसवर की शिपवर. मी एक फ्लॅट ऑनलाईन बघून ठेवला होता, बंदराच्या बाजूचा, बाल्कनीतून समुद्र, भाडं पण बसत होतं. त्या म्हणाल्या, तो नको घेऊ बाय, कपडे वाळत घातले की काळे होतात. मुरगाव पोर्टवर कोळसा उतरतो आणि त्याची धूळ वास्कोच्या घराघरात येते, ह्यावर इथे आंदोलनं झालीत. जाहिरातीत हे कोण लिहिणार? मग दाबोळीचा एक दाखवला आणि स्वतःच म्हणाल्या की सकाळी मिगचं फ्लाईंग असतं, बाळ लहान असेल तर दचकेल. आमच्या घरात त्या आवाजाची सवय आहे, उलट विमान गेलं नाही तर पोरगा विचारतो आज सुट्टी का. आम्ही तो घेतला. पण सांगितलं ना त्यांनी! जो एजंट स्वतःच्या तोंडाने घराची खोट सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवते, बाकी सगळं "सी व्ह्यू" आणि "प्राइम लोकेशन".

आणि एक अगदी बायकांच्या बाजूचं सांगते. नवरा सेलिंगवर किंवा फील्डवर, घर बघणारी मी, सामान लावणारी मी, भाडं पाठवणारी मी, आणि काही एजंट फोनवर म्हणतात "साहेब कधी येतात, त्यांच्याशीच बोलतो". साहेब अरबी समुद्रात आहेत, जा तिथे. असल्या माणसाबरोबर पुढचं वर्ष काढणं कठीण, कारण नळ गळला, मीटर बंद पडलं, ओनरने अचानक भाडं वाढवलं, हे सगळं तो साहेब येईपर्यंत ताटकळत ठेवणार. माझ्या नावाने अग्रीमेंट करायला तयार आहे का हे मी आधीच विचारते, मात्र एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यासाठी, ऑफिसला कुणाच्या नावचे कागद चालतात ते युनिटमध्ये विचारून मगच नाव ठरवायचं.

आता फसवणुकीचं. तुम्हाला माहीत असेलच, ऑनलाईन भाड्याच्या साईटवर "मी आर्मीत आहे, बदली झालीय, घर न बघताच घेतो" म्हणत ओनरलाच क्यूआर कोड पाठवून लुटणारे भामटे आहेत, खोटं आयकार्ड आणि युनिफॉर्ममधला फोटो पण पाठवतात. त्याचा ताप आपल्याला, खरा फौजी लांबून फोन करतो तेव्हा ओनरला आधी संशय येतो. इथे ओळखीचा स्थानिक एजंट मध्ये असला की काम सोपं होतं. पण म्हणून नवऱ्याचं आयकार्ड आणि पोस्टिंग ऑर्डर व्हॉट्सॲपवर अनोळखी एजंटला धाडू नका, मी बहिणीला तर ओरडूनच सांगितलं. पोलिसांच्या टेनंट व्हेरिफिकेशनला आधार चालतं. आणि टोकन द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर घर, वीज बिलावरचं नाव आणि ओनरचा चेहरा, तिन्ही बघायचं. बहुतेक ओनर मुंबईत नाहीतर परदेशात असतात, तर निदान कॉलवर तरी.

पावसाळ्यानंतर घर घेत असाल तर नवीन रंगाला भुलू नका, ओल त्याच्या मागे असते. राहायला जायच्या दिवशी एजंटला उभं करून भिंती, कपाटाची आतली बाजू, बाथरूमचं सीलिंग, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि ओनर, एजंट, तुम्ही असा ग्रुप करून त्यात टाका. सोडताना "बुरशी तुमच्यामुळे आली, पेंटिंगचे कापतो" हे ऐकावं लागतंच, तेव्हा तो एजंट फोन उचलतो का नाही ह्यावर त्याची लायकी ठरते. म्हणूनच आधीच्या भाडेकरूंपैकी जे बदलून गेले त्यांचा नंबर मागायचा, जे अजून राहतायत त्यांचा नव्हे. विशाखापट्टणमला गेलेली बाई तुम्हाला डिपॉझिटबद्दल खरं काय ते सांगेल.

विकत घ्यायचा विचार असणारेही आहेत, रिटायर होऊन चिखली-दाबोळीत राहिलेले बरेच नेव्हीवाले दिसतात. तिथे जास्त कडक राहा. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे रजिस्टर्ड प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणाऱ्या एजंटला स्वतःचा रेरा नंबर लागतो, गोवा रेराच्या साईटवर तपासून घ्या. नुसत्या भाड्याच्या कामाला हा नंबर लागत नाही, म्हणून भाड्याला ओळखीपाळखीवरच भिस्त. जुनं घर किंवा जमीन असेल तर एजंट "वन-फोर्टीन"चा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद), सनद (जमीन घरबांधणीसाठी वापरायची परवानगी) आणि मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा, ज्याला कायद्याचं संरक्षण आहे) आहे का हे स्वतःहून काढतो का बघा. आणि गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडचा वारसा अजून चालू आहे, लग्न झालेल्या माणसाने घर विकलं तर साधारणपणे बायकोची पण सही लागते, भावंडांची वाटणी राहिली असेल तर ते वेगळंच. "जातलें, जातलें" (होईल, होईल) म्हणणाऱ्या एजंटला हे विचारलं की त्याचा आवाज बदलतो. विमानतळाजवळ नवीन बांधकाम असेल तर नेव्हीची एनओसी आहे का ते पण, आपणच नेव्हीवाले असून हे विचारायला विसरलो तर हसं होईल. वकील मात्र एजंटने आणलेला नको, स्वतःचा करा.

बहिणीने आता दोघांशी बोलून ठेवलंय. एकाने पोस्टिंगच्या प्रश्नावर सरळ क्लॉजचा मसुदाच पाठवला, दुसऱ्याने सूर्यास्ताचा फोटो.